चौघं होतो

गोल्फ एकट्याने खेळता येतं, असं मला फिजिओथेरपी देणाऱ्या एका मुलीने सांगितलं होतं. ते निम्मंच खरं निघालं, आणि उरलेलं निम्मं कळायला मला आठ महिने लागले.

मी विद्याश्री. वय पंचावन्न. बँकेत तीस वर्षं काढली आणि मागच्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली. लग्न केलं नाही. का नाही, हे विचारणारी माणसं आता थकून गप्प बसली आहेत. राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. दोन वर्षांपूर्वीपर्यंत त्यात अव्वा होती, म्हणजे माझी आई. आम्ही गडहिंग्लजकडचे. उंबऱ्याच्या आत कन्नड, बाहेर मराठी. अव्वा गेली आणि घरातलं कन्नड संपलं. मराठी होतं, पण ते बोलायला घरात कोण होतं? पुढे खांदा आखडला. तो मोकळा करणारी मुलगी म्हणाली, "एखादा खेळ धरा. गोल्फ धरा, त्याला जोडीदार लागत नाही." मी धरला.

गडमुडशिंगीच्या अलीकडे राजवीर नावाच्या तरुणाने आपल्या पाच एकरांतला ऊस मोडून सरावाची जागा केली आहे. दहा चटया ओळीने टाकल्यात, समोर जाळी, आणि माती चढवून केलेल्या खुणा. पन्नास चेंडूंची बादली घ्यायची, चटईवर उभं राहायचं, मारत सुटायचं, बादली रिकामी झाली की घरी. सगळे एकाच दिशेला तोंड करून उभे असतात. कोणी कोणाकडे बघत नाही. एकट्या बाईला ह्यापेक्षा सोयीची जागा सबंध कोल्हापुरात नाही, हे मी अनुभवाने सांगते. हॉटेलात एकटी बसले तर वेटर दोन ग्लास ठेवतो आणि विचारतो, "आनी कोण येणार हाय?" लग्नात एकटी गेले तर पंगतीत शेजारची खुर्ची रिकामी राहते आणि लोक तिच्यावर पर्स ठेवतात. राजवीरच्या चटईवर मात्र सगळेच एकटे असतात, त्यामुळे कोणीच एकटं दिसत नाही.

राजवीर शिकवायचाही. त्याचा एक नियम होता आणि तो सगळ्या नवख्यांना एकदम ऐकवायचा. सात नंबरच्या काठीने दहा चेंडू मारायचे. त्यांतले सात सरळ गेले की सरावाची चटई सोडायची आणि खऱ्या मैदानावर जायचं, शहराच्या दुसऱ्या अंगाला, जिथे झेंडे आहेत आणि अठरा भोकं आहेत. "चटईवर जलमभर ऱ्हायचं न्हाई. हितं निस्तं हात शिकतोय. खेळ तितं हाय," तो म्हणायचा. आणि तिथला कायदाही सांगायचा: नवख्याला एकटं सोडत नाहीत. कमीत कमी दोघं, जास्तीत जास्त चौघं. चारच्या वर नाही.

हे ऐकलं त्या दिवसापासून माझे सहाच चेंडू सरळ जाऊ लागले.

खरं सांगते, खोटं कशाला बोलू? चौथ्या महिन्यातच माझे सात जात होते. पण सहावा सरळ गेला की सातवा मी घाईघाईत मारायची, तो उजवीकडे पळायचा आणि माझा जीव भांड्यात पडायचा. आणखी एक महिना सुटका. मैदानावर जायला मला हात नको होते, माणूस हवा होता. तीन-चार तास बरोबर चालेल असं माणूस. तसं कोण आहे म्हणून फोनमधली नावं एकदा वरपासून खालपर्यंत बघितली. गॅसवाला, इस्त्रीवाला, बँकेतले नऊजण (त्यांच्या वाढदिवसाला मी मेसेज पाठवते, माझ्या वाढदिवसाला ते), गडहिंग्लजची आतेबहीण क्रांती, जिला चालायचं म्हटलं की गुडघे आठवतात. खाली पोचले तेव्हा बोट दुखत होतं.

राजवीर काही दूधखुळा नव्हता. एकदा मागे उभा राहून म्हणाला, "मॅडम, तुम्ही दोन म्हैनं झालं तयार हायसा. कशाची वाट बगतायसा?"

"खांदा," मी म्हणाले.

"खांदा बरा हाय की तुमचा," तो म्हणाला आणि पुढच्या चटईकडे गेला.

पुढच्या चटईवर विश्वजितराव असायचे. दूध संघातून निवृत्त झालेले, वय बासष्ट-त्रेसष्ट, मुडशिंगीतच घर. बायको नातवाला सांभाळायला पुण्याला लेकीकडे गेलेली, तिला सव्वा वर्ष झालं होतं. हे सगळं मला आठ महिन्यांत तुकड्यातुकड्याने कळलं. कारण आमचं बोलणं म्हणजे दोन चेंडूंच्या मधलं. "आज वारं हाय ओ." "हो ना." "मॅडम, कोपर वाकाय लागलंय बगा." "बरं." ते चेंडू असा मारायचे की लाकूडच फोडतायत, पण जायचा सरळ. दहातले आठ तर सहज. तरी ते मैदानावर का जात नाहीत, हे मी विचारलं नाही. माझा चेंडू लांब गेला तर ते "आऽग्गं!" म्हणायचे. माझ्या कुठल्याही गोष्टीला कोणी आऽग्गं म्हणालेलं मला आठवत नाही. त्या दिवशी घरी जाऊन मी भाजी जरा बरी करायची.

शेवटी फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी मी सातवा चेंडू घाईत मारला नाही. आठवाही सरळ गेला. मग मनाशी ठरवून ठेवलेलं वाक्य बोलायची वेळ आली. ते मी स्कूटरवर येताना पाचदा म्हणून बघितलं होतं. विश्वजितरावांकडे न बघता, चेंडूकडे बघत मी म्हणाले, "मी ह्या रविवारी मोठ्या मैदानावर जाणार आहे. साडेसहाला."

"व्हय?" ते म्हणाले. "लई झ्याक."

त्यांची बादली संपली होती. त्यांनी काठ्या पिशवीत घातल्या, चेन ओढली, टोपी काढून केस पुसले. आणि म्हणाले, "चला, येतो मग."

आणि गेले.

आता मराठी माणसाला हे सांगायला नको. आपल्यात जाताना कोणी 'जातो' म्हणत नाही, अशुभ असतं. 'येतो' म्हणायचं. कन्नडातही तसंच आहे, 'बरतीनि'. पंचावन्न वर्षं मी स्वतः दोन भाषांत हे म्हणत आले आहे. पण त्या दिवशी त्यांनी 'मग' जोडलं. त्या 'मग'ने घात केला. नुसतं 'येतो' म्हणजे निरोप, पण 'येतो मग' म्हणजे? मी रविवारी जाणार म्हणाले, त्यावर ते 'येतो मग' म्हणाले. अर्थ सरळ आहे की नाही? शुक्रवारी मला वाटलं, सरळ आहे. शनिवारी दुपारी वाटलं, नाही. शनिवारी संध्याकाळी मी शेंगाच्या पोळ्या करायला घेतल्या, म्हणजे निकाल लागलाच होता. चार केल्या. दोन-दोन.

रविवारी सव्वासहाला मी मैदानावर. अजून पुरतं उजाडलेलं नव्हतं. पहिला चेंडू जिथून मारतात तो हिरवा चौथरा, त्याच्याशेजारी पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये आकाराम नावाचे एक गृहस्थ शिट्टी गळ्यात अडकवून बसलेले. कोणाला कधी सोडायचं हे तेच ठरवतात.

"किती जन?" त्यांनी विचारलं.

"दोघं. एक येतायत."

"येऊ द्यात की. बसा."

साडेसहाला चार कॉलेजची पोरं सुटली. पावणेसातला एक जोडपं आलं आणि त्यांचा एक मित्र. जोडप्यातल्या बाई माझ्याच वयाच्या, टोपीखालून वेणी काढलेली. नवऱ्याला "उदयसिंह, बाटली घेतलीसा का?" म्हणत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि मोकळेपणाने म्हणाल्या, "आमच्यात एक जागा आहे. या की आमच्याबरोबर, कशाला ताटकळताय?"

देवाशप्पथ सांगते, आठ महिने मी ह्याच वाक्याची वाट बघत होते. कोणीतरी 'या की' म्हणावं. आणि मी काय म्हणाले?

"नको, आमचे येणार आहेत."

तोंडातून गेलं आणि कानाला लागलं. 'आमचे येणार आहेत.' बाई हसल्या. "अस्सं होय! मिस्टर मागनं येतायत. मग थांबा, थांबा." मी दुरुस्त केलं नाही. कसं करणार? 'मिस्टर नाहीत हो, शेजारच्या चटईवरचे एक गृहस्थ आहेत, त्यांनी गुरुवारी मग म्हटलंय' असं? माझे कान तापले. ती तिघं हसत खेळत उताराने गेली. तिसऱ्या माणसाने कायतरी विनोद केला आणि तिघंही थांबून हसली, ते मी शेवटपर्यंत बघत राहिले.

सव्वासातला आणखी दोघं आले, त्यांनीही विचारलं. आता मागे फिरणं मला जमेना. "येतीलच," मी म्हणाले. आठ वाजले. आकाराम म्हणाले, "साहेब कुटवर आल्यात?" मी म्हणाले, "रस्त्यात." फोन करावा म्हटलं तर नंबर नव्हता. आठ महिने शेजारी उभं राहून मी त्या माणसाचा नंबर घेतला नव्हता, आणि पोळ्या मात्र केल्या होत्या.

साडेनऊला आकाराम उठले. दहापासून तिथे शाळेच्या मुलांच्या स्पर्धा होत्या. त्यांनी शिट्टी खिशात टाकली. माझ्याकडे बघून त्यांना काय वाटलं कोण जाणे.

"एकट्याला सोडत न्हाई मी," ते म्हणाले. "पर ह्यो पैला मारा. एक होल. म्या हितनं बगतो."

मी मारला. आता वर्णन काय करू? चटईवर दहातले आठ सरळ मारणारी मी, खऱ्या गवतावर पहिलाच चेंडू वीस पावलं गेला. शेजारी कोणी नव्हतं, म्हणून मी मोजणी कन्नडात केली, मोठ्याने. ओंदु. एरडु. मूरु. पिशवी खांद्यावर, चालायचं, मारायचं, पुन्हा चालायचं. मैदान केवढं मोठं असतं हे चटईवरून कळत नाही. मध्ये एकदा चेंडू झुडपात गेला आणि मी खाली बसून तो शोधत राहिले, तेव्हा मला चक्क रडू आलं. दोन मिनिटं रडले आणि चेंडू सापडला. अकराव्या फटक्याला तो भोकात गेला. हन्नोंदु. टक्क असा आवाज येतो, भांड्यात सुपारी टाकावी तसा. मी झटकन मान वर केली, कोणी बघितलं का म्हणून. लांब शेडपाशी आकाराम माझ्याकडे पाठ करून चहावाल्याशी बोलत उभे होते.

दोन पोळ्या मी स्कूटरवर बसून खाल्ल्या. उरलेल्या दोन आकारामांना दिल्या. "साहेबांस्नी ऱ्हाऊ द्यात की," ते म्हणाले. "त्यांना शुगर आहे," मी म्हणाले. नवरा नाही तर नाही, मी त्याला शुगरही करून टाकली.

सोमवारी मी सरावाला गेले नाही. मंगळवारी गेले, आणि ठरवून गेले की त्या माणसाशी बोलायचं नाही. विश्वजितराव त्यांच्या चटईवर होतेच. मला बघून त्यांचं तोंड फुललं, त्याचाही मला राग आला.

"काय मॅडम! गेलतासा का रविवारी?"

"गेले होते की."

"मग? कसं झालं?"

"छान झालं," मी म्हणाले. "चौघं होतो."

का म्हणाले? म्हटलं, कळू दे. माझं काही अडलं नाही हे कळू दे. बँकेतले जुने सहकारी होते, असंही पुढे जोडून दिलं. मी बादली ओतली आणि पहिला चेंडू चटईवर ठेवला.

विश्वजितरावांनी काठी फडक्याने पुसली, पुसलेलीच पुन्हा पुसली. मग म्हणाले, "बरं झालं. तुमचा मेळ जमला." थोडं थांबून म्हणाले, "मला वाटलं हुतं मला बोलवशीला. तुम्ही 'जाणार हाय' म्हणलासा, पर 'चला' काय म्हणला न्हाईसा. बोलावल्याबिगर कसं यायचं ओ मानसानं? शनवारी रातीपतुर वाट बघितली, राजवीरकडनं निरोप येतोय काय म्हणून. माजं बी कवाधरनं जायाचं हाय. जोडीला कोन न्हाई म्हणून हितंच ठोकत बसलोय."

माझी काठी हातातच राहिली.

"आता न्या म्हणलं असतं," ते पुढे म्हणाले, "पर तुमी चौघं हायसा. चारच्या वर सोडत न्हाईत न्हवं?"

आणि ते वळून चेंडू मारू लागले.

चौघं! मेली ही माझी जीभ. तीन म्हणाले असते तर काय बिघडलं असतं? तिघं होतो म्हणाले असते तरी माझा मान राहिला असता आणि एक जागा उरली असती. पण नाही, बाईसाहेबांना मैदान भरूनच दाखवायचं होतं. मी सगळ्या जागा भरून टाकल्या होत्या, आणि भरल्या होत्या कोणी, तर नसलेल्या माणसांनी. त्या दिवशी मी रागाने पन्नास चेंडू मारले आणि ते एकजात सरळ गेले. पण विश्वजितरावांकडून आऽग्गं आलं नाही, एकदाही नाही.

ते पिशवी आवरू लागले तेव्हा मला राहवेना.

"आमच्यातला एक गळलाय," मी म्हणाले.

त्यांनी वर बघितलं. "कशानं?"

"गुडघे."

"आरारा." ते विचारात पडले. "पर बाकीच्या दोघास्नी चालंल का मी? बँकेतली मानसं ती. माजं बोलनं असलं."

मी आता दुसऱ्याला कशाने मारावं ह्याचा विचार करत होते. पाठ, मोतीबिंदू, मुलीचं लग्न. आणि एकदम मला स्वतःचाच कंटाळा आला, आठ महिन्यांचा, दोन वर्षांचा, सगळा मिळून.

"ते दोघं पण नाहीत," मी म्हणाले.

"म्हंजी?"

"चौघं नव्हतो."

"मग तिगं?"

"नाही."

"दोगं?"

"विश्वजितराव, मी एकटी होते. सव्वासहापासून साडेनऊपर्यंत त्या शेडमध्ये बसून तुमची वाट बघत होते. तुम्ही 'येतो मग' म्हणाला होता."

ते बघतच राहिले. चेन अर्धी ओढलेली पिशवी हातात. मग हळूच चटईच्या कडेला टेकले, गुडघ्यावर हात ठेवून.

"आयला," ते म्हणाले. "मॅडम, येतो तर मी रोज म्हणतोय ओ. राजवीरला म्हणतोय, पानपट्टीवाल्याला म्हणतोय. सकाळी म्हशीला म्हणायचो. म्हस इकून वरीस झालं. तरीबी दार वडताना तोंडातनं येतंयच. येतो."

"कोणाला म्हणता?"

"कुनाला न्हाई. घराला."

मला हसू यायला हवं होतं. पण मी रोज फ्लॅटला कुलूप लावताना 'बरतीनि' म्हणते. दोन वर्षं झाली. आतून कोणी 'हूं, बा', म्हणजे 'बरं, ये', म्हणत नाही, तरी मी थोडं थांबते आणि मगच जिना उतरते. हे जगात आणखी कोणी करत असेल असं मला वाटलं नव्हतं.

राजवीर लांबून जाळीखालचे चेंडू गोळा करत येत होता. तो पोचायच्या आत बोलणं भाग होतं, कारण तो पोचला असता तर मी पुन्हा खांद्याच्या सबबीवर आले असते. मी विश्वजितरावांकडे बघितलं, चेंडूकडे नाही.

"रविवारी माझ्याबरोबर चला," मी म्हणाले. तीन शब्दांचं वाक्य, पण त्याला आठ महिने लागले होते.

"किती वाजता?" त्यांनी विचारलं.